साडेबारा हजार किलोमीटर आणि अठ्ठेचाळीस मिनिटे

हिंगोलीच्या मोंढ्यात पन्नास वर्षांपूर्वी ‘मुलगा लांब असतो’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा औरंगाबाद किंवा फार तर मुंबई समजत असे. मुंबईला जायचे तर पूर्णेला गाडी बदलावी लागे, मनमाडला पुन्हा बदलावी लागे, आणि घरातून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी बोरीबंदरला उतरे. आता तेच वाक्य उच्चारले जाते तेव्हा न्यू जर्सी, शिकागो किंवा डॅलस अभिप्रेत असते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथील ज्या जैन घरांत दोन पिढ्या कापड, किराणा, भुसार किंवा हळदीच्या व्यापारात गेल्या, त्यांपैकी बऱ्याच घरांतील तिसरी पिढी परदेशात आहे. घरात मात्र या अंतराचा हिशेब अजूनही ‘विमानाने सोळा तास’ एवढ्याच एका आकड्यात मांडला जातो. हा आकडा खोटा नाही. पण व्यापाऱ्याच्या घरात वाहतुकीचा खर्च धरल्याशिवाय मालाचा भाव काढत नाहीत, आणि इथे नेमकी तीच बाजू सुटलेली असते.

मुंबई ते न्यूयॉर्क हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. थांबा न घेता जाणाऱ्या विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना सुमारे चौदा. हा दोन तासांचा फरक वाऱ्याचा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते येताना विमानाला ढकलतात आणि जाताना अडवतात. हिंगोली ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर आहे. रस्त्याने, वाशीमकडून समृद्धी महामार्ग धरला तरी, ते पावणेसहाशेच्या घरात जाते आणि थांबे धरून नऊ-दहा तास घेते. म्हणजे एकूण प्रवासातील पाच टक्क्यांहूनही कमी अंतर कापायला एक तृतीयांशाहून अधिक वेळ लागतो. त्यात विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा हे मिळवले, तर घराच्या उंबरठ्यापासून मुलाच्या उंबरठ्यापर्यंत तीस-बत्तीस तास धरावे लागतात. मार्च २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येऊ लागली, त्यामुळे गाडी बदलण्याचा त्रास गेला. दिवस मात्र प्रवासातच जातो.

नांदेडचा विमानतळ नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. सुमारे अडीचशे किलोमीटरचे ते हवाई अंतर. पुढे ती सेवा थांबली, नंतर दुसऱ्या कंपनीची विमाने आली, वेळापत्रके बदलत राहिली. ज्याच्या भरवशावर परदेशातील माणसाला तातडीने बोलवावे, अशी निश्चिती त्या विमानतळाला अद्याप लाभलेली नाही. तिकीट काढताना हा मार्ग आहे का ते पाहावे, पण बेत त्याच्यावर उभा करू नये.

भिंतीवरच्या नकाशात हिंगोलीवर बोट ठेवून सरळ डावीकडे न्यूयॉर्कपर्यंत नेले, तर ते अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक ओलांडून जाते. विमान तसे जात नाही. मुंबईहून निघाल्यावर जवळची वाट वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली असते. ती मध्य आशिया आणि रशियावरून वर चढत जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशाला, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागाला स्पर्श करून मग अटलांटिकवर खाली उतरते. नकाशातील सरळ रेषा धरून उडाले, तर सुमारे चौदा हजार दोनशे किलोमीटर पडतील. उत्तरेच्या या वळशाने सोळा-सतराशे किलोमीटर वाचतात. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, एवढेच त्याचे कारण. घरातील एखाद्या मुलाला चेंडूवर दोरा ताणून पाहायला सांगितले, तर पाच मिनिटांत उलगडा होईल. प्रत्यक्षात वारा, हवामान आणि देशोदेशींच्या हद्दी पाहून ही वाट रोज थोडी बदलते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. मग मार्ग अरबी समुद्रावरून वळवावे लागले, आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. अंतर तेच असते आणि वेळ वाढतो.

हे सगळे भूगोलाचे झाले. पण श्रावकाच्या बारा व्रतांत एक व्रत असे आहे की त्याचा संबंध थेट या अंतराशी येतो. ते दिग्व्रत. दहा दिशांना, म्हणजे चार दिशा, चार विदिशा, वर आणि खाली, आपण कोठवर जाऊ याची मर्यादा जन्मभरासाठी ठरवून घ्यायची. त्या मर्यादेच्या पलीकडे लाभ दिसला तरी जायचे नाही. पलीकडच्या जीवांना आपल्याकडून कोणतीही बाधा पोहोचणार नाही, एवढे अभय देऊन टाकायचे. लोभाला कुंपण घालणारे हे व्रत सांगितले गेले ते व्यापारी समाजाला नजरेसमोर ठेवूनच, असे वाटावे इतके ते नेमके आहे. पूर्वीच्या श्रावकांनी नद्या, पर्वत, नगरे यांची नावे घेऊन सीमा बांधल्या. आजही काही घरांतील वडीलधारी मंडळी ‘भारताबाहेर नाही’ किंवा ‘उत्तरेला हिमालय’ अशी मर्यादा घेतात.

अशी उत्तरेची मर्यादा घेतलेल्या आजींना नातवाच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला नेण्याचा बेत घरात होतो, तेव्हा पश्चिमेची मर्यादा तपासली जाते. उत्तरेची कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण अमेरिका पश्चिमेला आहे अशी सर्वांची समजूत असते. विमान मात्र ६५ अंशांपर्यंत उत्तरेला जाते. त्याहून दुर्लक्षित दिशा म्हणजे वरची. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. वर, खाली आणि तिरप्या दिशेने मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन. क्षेत्र वाढवून घेणे हा चौथा, आणि ठरवलेली मर्यादा विसरणे हा पाचवा. वर जाण्याची मर्यादा पूर्वी डोंगरावरच्या तीर्थापुरती पुरत असे. शिखरजी चढणाऱ्याला ती अडवत नव्हती. आजचे विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडते. ज्यांनी ऊर्ध्व दिशेची सीमा किलोमीटरमध्ये घेतली आहे, त्यांनी ती आठवून पाहावी. एका दिशेचे अंतर कमी करून दुसरीकडे वाढवणे हा हिशेबाच्या वहीत चालणारा व्यवहार व्रतात मात्र चौथा अतिचार ठरतो, हेही इथेच सांगितलेले बरे. व्यापाऱ्याच्या मनात पहिला विचार तोच येतो. नव्याने व्रत घेणाऱ्याने गुरुमहाराजांना मुलांचे गाव आणि विमानाची वाट दोन्ही सांगून मग मर्यादा घ्यावी. मर्यादा मोठी असली तरी ती मर्यादाच असते.

साधू-साध्वींचा प्रश्नच वेगळा. त्यांचा विहार पायी. हिंगोलीहून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला मोटारीने जाणारा श्रावक दुपारच्या आत परत येतो; त्याच वाटेला विहारात तीन-चार मुक्काम पडतात. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज, यांना आले होते. साधूला जहाजाने जाणे शक्य नव्हते, म्हणून वीरचंद राघवजी गांधी हे श्रावक तेथे गेले. त्यांना समुद्रावर आठवड्यांमागून आठवडे काढावे लागले. १९७०च्या दशकात चित्रभानुजी आणि आचार्य सुशीलकुमारजी यांनी परदेशगमन केले, तेव्हा समाजात मोठी चर्चा झाली. सुशीलकुमारजींनी न्यू जर्सीत १९८३ मध्ये सिद्धाचलम् हे तीर्थ उभे केले. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण श्रेणी सुरू केली, तिच्यात वाहनाने प्रवासाची मुभा ठेवली. हे मार्ग योग्य की अयोग्य यावर मते भिन्न आहेत आणि राहतील. एवढे मात्र दिसते की वाहनाचा निर्णय या परंपरेत कोणीही सहज म्हणून घेतलेला नाही. गृहस्थ तो बोटाच्या एका टिचकीत घेतो.

बोरीबंदरला उतरणाऱ्या त्या पिढीने हवाई मार्गाची सुरुवातही पाहिली. एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान १४ मे १९६० रोजी लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. मुंबई–न्यूयॉर्क हे न थांबता जाणारे उड्डाण १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले. तेव्हापासून एक नवा प्रश्न जैन प्रवाशापुढे उभा आहे, आणि त्याचे उत्तर तिकिटावर छापलेले नसते. विमानात सूर्यास्त कोणता धरायचा?

चौविहार करणारा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे एका मुहूर्तानंतर, पारले जाते. दिगंबर परंपरेत सूर्यास्तापूर्वी दोन घटिका भोजन आटोपण्याची चाल आहे. त्याही अठ्ठेचाळीस मिनिटेच. सामायिकाचा काळ तोच. आगमांत मुहूर्ताचे माप ३,७७३ श्वासोच्छ्वास असे सांगितले आहे. घड्याळ नसलेल्या जगात केलेली ही मोजणी आहे, आणि ती जमिनीवर एका जागी बसलेल्या माणसाच्या सूर्याला बांधलेली आहे. विमानात सूर्यच प्रवाशाशी शर्यत लावतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो. साठ अंश अक्षांशावर हाच वेग निम्मा, ताशी ८३५ होतो. विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. म्हणजे उत्तरेच्या वाटेने पश्चिमेला जाणारे विमान सूर्याच्या बरोबरीने चालते.

परिणाम मोजून पाहण्यासारखा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्याआधी चौविहार घेऊन रात्री दोनच्या विमानात बसलेल्या प्रवाशाला वाटेत सूर्य भेटतच नाही. उत्तरेकडे हिवाळ्याची लांब रात्र असते आणि विमान तिच्याच आतून चालते. न्यूयॉर्कला त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातला, म्हणजे भारतीय वेळेने संध्याकाळी पावणेसहाला. रात्र जवळजवळ चोवीस तासांची झाली. त्यात नवकारशीचा एक मुहूर्त मिळवला, तर पाण्याविना साडेचोवीस तास. पंचविशीतल्या तरुणाला हे सोसेल. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाला नाही. विमानातील हवा कमालीची कोरडी असते आणि तासन्‌तास बसून राहिल्याने पायांतील रक्त साकळण्याचा धोका असतो, तो वेगळाच. तेच विमान जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पकडले, तर निघाल्यापासून चार तासांत सूर्य उगवतो आणि न्यूयॉर्कला उतरून दिवसभर हिंडल्यावर रात्री साडेआठला मावळतो. दिवसच चोवीस तासांचा. एकच विमान, एकच वाट. डिसेंबरात उपवासाच्या उंबरठ्याशी नेणारी आणि जूनमध्ये चौविहारवाल्याला दिवसभर जेवायला मोकळीक देणारी.

परतीचे गणित उलटे आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेल्या विमानात दोन-अडीच तासांतच सूर्य मावळतो. विमानसेवक जेवणाच्या गाड्या फिरवू लागतात तोवर खिडकीबाहेर सांज झालेली असते. आधी सांगितले असेल तर ताट लवकर मिळते. रात्रही आठ तासांहून लहान होते, आणि नवकारशी लवकर येते. जैन भोजनाची मागणी तिकिटासोबत किंवा निदान चोवीस तास आधी नोंदवावी लागते. विमान कंपन्यांच्या यादीत त्याचा ठरलेला संकेत ‘व्हीजेएमएल’ असा आहे. नुसते ‘व्हेज’ म्हटले तर ताटात बटाटा आणि कांदा येणारच.

काही प्रवासी निघालेल्या गावचे घड्याळ धरतात, काही पोहोचायच्या गावचे, काही खिडकीतला सूर्य पाहतात. ज्याला जे सोयीचे ते त्याने त्या क्षणी धरणे, ही चौथी पद्धत सर्वांत जास्त प्रचलित आहे आणि तिला पच्चक्खाण म्हणता येणार नाही. तर्काने पाहिले तर व्रत सूर्याशी बांधलेले आहे, घड्याळाशी नाही. म्हणून खिडकीतला सूर्य धरणे अधिक सुसंगत दिसते. पण ते झेपणारे नसेल, तर प्रवासाच्या दिवसापुरते कोणते पच्चक्खाण घ्यावे आणि औषध-पाण्याची सवलत कशी ठेवावी हे निघण्यापूर्वी महाराजांना विचारून घ्यावे. बारा किलोमीटर उंचीवर, झोपेत, ताट समोर आल्यावर हा निर्णय नीट होत नाही.

अंतर आणि वेळ यांची याहून विलक्षण मोजणी याच जिल्ह्यात होऊ घातली आहे. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरी लिव्हिंग्स्टनला, एकमेकींपासून तीन हजार किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आलेली पहिली लहर लिव्हिंग्स्टनला पोहोचल्यानंतर सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. दोन गावांमधील पोहोचण्याच्या वेळेचा हा फरक पाहूनच लहर आकाशाच्या कोणत्या बाजूने आली ते शोधतात. तिसरे गाव जितके लांब, तितका शोध नेमका. हिंगोली अमेरिकेपासून फार दूर आहे हे तिथे उपयोगाचे ठरले. तीच लहर अमेरिका आणि औंढा यांमधले अंतर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी वेळात ओलांडेल. ‘समय’ या सूक्ष्मतम कालांशाची चर्चा करणाऱ्या परंपरेतील मुलांना ही वेधशाळा पूर्ण झाल्यावर आवर्जून दाखवावी. औंढ्याहून शिरड शहापूरचे मल्लिनाथ भगवानांचे क्षेत्रही जवळच आहे. एका दिवसात दोन्ही होतील.

माणसाला मात्र बत्तीस तासच लागतात, आणि घरातील कोणी गेले तर हा आकडा आयुष्यातला सर्वांत अवघड आकडा होतो.

प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम मनुष्यांच्या उत्पत्तीची चौदा स्थाने सांगितली आहेत, त्यांत निर्जीव देहही आहे. प्राण गेल्यानंतर अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, त्या देहात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव उपजू लागतात अशी श्रद्धा आहे. म्हणून आपल्याकडे अंत्यसंस्काराला विलंब करत नाहीत. तिरडीची तयारी, नातलगांना निरोप आणि लाकडांची व्यवस्था भराभर होते. बाहेरच्या माणसाला ही घाई कोरडी वाटते; तिच्यामागे जीवदया आहे हे त्याला ठाऊक नसते.

आता हिवाळ्यातील एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता हिंगोलीत घरातील वडील गेले असे धरू. न्यू जर्सीत तेव्हा सोमवारची रात्र, साडेदहा. मुलाने फोन ऐकला, तिकीट शोधले, सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचे विमान मिळाले. भारतात तेव्हा मंगळवारची रात्र, साडेनऊ. साडेचौदा तासांनी, बुधवारी दुपारी बारा वाजता तो मुंबईत उतरला. बाहेर पडायला दीड तास, पुढे रस्त्याने नऊ-दहा तास. बुधवारी रात्री अकरापर्यंत तो घरी. रात्री अंत्यसंस्कार करायचा नाही, म्हणून गुरुवार सकाळ. सगळे जुळून आले असता ही अवस्था आहे. विमान चुकले, धुक्याने उशीर झाला किंवा सुट्यांच्या दिवसांत जागाच मिळाली नाही, तर आणखी एक दिवस. मंगळवारी नऊ ते गुरुवारी नऊ हे अठ्ठेचाळीस तास होतात. शास्त्राने अठ्ठेचाळीस मिनिटांपासून काळजी सांगितली, आणि देह अठ्ठेचाळीस तास शीतपेटीत.

हल्ली शीतपेटी भाड्याने मिळते, त्यामुळे थांबणे सोपे झाले. सोपे झाले म्हणून ते रूढ होत चालले आहे. मुलगा येईपर्यंत थांबले नाहीत तर लोक काय म्हणतील, हा धाक घरातल्या स्त्रियांवर सर्वांत जास्त असतो. दोन दिवस पेटीजवळ त्याच बसून असतात. मुलाची ओढ खरी असते, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. साडेबारा हजार किलोमीटर ओलांडून आलेल्याला बापाचा चेहराही दिसू नये, हे कठोर आहे. पण ज्यांनी आयुष्यभर पाणी गाळून प्यायले, त्यांचा देह त्यांच्या व्रताविरुद्ध ठेवायचा का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. आणि तो विचारणारे घरात त्या वेळी उरलेले नसतात. दोहोंत निवड करायची झाली तर न थांबणे श्रेयस्कर, कारण उठावण्यापर्यंत मुलगा पोहोचतोच, आणि आईला त्याची खरी गरज तिथून पुढे असते.

फोनवरील चित्रातून अंत्यदर्शन आता बहुतेक घरांत होते. मर्यादित काळासाठी क्षेत्र आखून घेणाऱ्या देशव्रताच्या अतिचारांत, मर्यादेबाहेर शब्द पोहोचवणे आणि रूप दाखवणे हे दोन आहेत. सूत्रकारांपुढे खाकरून किंवा हात हलवून पलीकडच्याला खुणावणारा श्रावक असावा. त्या दोन शब्दांत आजचा व्हिडिओ कॉल इतका चपखल बसतो की वाचणारा क्षणभर थांबतो. अर्थात देशव्रतात नसलेल्या गृहस्थाला त्याचा दोष नाही.

थांबायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार खरे पाहता ज्यांचा देह त्यांचाच. दुकान, घर, शेती कोणाला याचे मृत्युपत्र करणारी माणसे या एका ओळीबद्दल काहीच लिहून ठेवत नाहीत. मृत्युपत्र बहुधा नंतर उघडले जाते, त्यामुळे ही ओळ त्यात घालून उपयोग नाही. साध्या कागदावर, सहीनिशी, तिजोरीत न ठेवता आगमांच्या पुस्तकात किंवा पत्नीजवळ ठेवावी. माझ्यासाठी थांबू नये. किंवा अमक्यासाठी इतके तास थांबावे, त्याहून अधिक नाही. नेत्रदान करायचे असेल तर तेही तिथेच लिहावे, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि त्यासाठी कोणाचीही वाट पाहता येत नाही. ही ओळ वाचून दाखवली की घरातील कोणावर बोल येत नाही. मुलालाही ती आधी, तो सुटीत आला असताना, समोर बसवून सांगावी. फोनवर सांगू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलावणे केव्हा धाडायचे ते. ‘एवढ्यात कशाला त्याला त्रास’ म्हणून आजार लपवला जातो आणि मग शेवटच्या रात्री फोन जातो. ज्या घरांत वडीलधाऱ्यांनी संथारा घेतला, तेथे लांबची मुले बहुधा वेळेवर पोहोचली, कारण निर्णय आणि शेवट यांत दिवस होते. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याविरुद्ध निकाल दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला होता. त्या चर्चेत ही बाजू फारशी आली नाही. बोलत्या-ओळखत्या आईजवळ आठ दिवस बसून क्षमापना करून घेणे आणि पेटीच्या काचेतून चेहरा पाहणे, यांना एकच तिकीट लागते. तारीख तेवढी वेगळी असते.

बोलावल्यावर निघता यावे यासाठी काही कागद जागेवर असावे लागतात. मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड. ते नातवंडांचेही हवे. नोकरीच्या व्हिसावर असेल, तर परत प्रवेशासाठी पासपोर्टातील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत. ती संपलेली असेल तर तो येऊ शकतो, पण वकिलातीची तारीख मिळेपर्यंत परत जाऊ शकत नाही. अशा मुलावर न येण्याचा ठपका ठेवणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावे.

आणि मुंबईचा हट्ट सोडावा. हिंगोलीहून हैदराबाद सरळ रेषेत तीनशे किलोमीटर आहे आणि मुंबई साडेचारशे. आखाती शहरांतून हैदराबादला येणारी विमाने पुष्कळ आहेत. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहेच. थेट विमानाचा आग्रह सोडून एक थांबा घेतला, तरी मुंबईहून पुढचे नऊ-दहा तास वाचून सहा-सातच उरतात. घ्यायला गाडी पाठवताना चालक दोन पाठवावेत, आणि घरातील कोणी तरी सोबत जावे.